डोक्याकडची दोरी

मंगळवार, ६ फेब्रुवारी १८२७. कामठी छावणी.

ग्रिझेलला आज सकाळी पुरलं. ताप मेंदूत चढला होता. रक्त मीच काढलं, दोनदा. दुसऱ्यांदा काढायला हवं होतं का, यावर वाद होऊ शकेल. एडिंबरोत माझ्या गुरुजींनी काढलंच असतं. काल दुपारी श्वास थांबला. इथल्या हवेत देह एका रात्रीपलीकडे ठेवता येत नाही.

पाद्री इंग्रजांच्या चर्चचा. त्यानं कबरीपाशी पुष्कळ वाचलं. आमच्या स्कॉटिश मुलखात कबरीपाशी कुणी बोलत नाही, आमच्याकडे दोऱ्या असतात. पेटी खाली सोडायची ती भाड्याच्या माणसांनी नव्हे, घरच्यांनी. कुणी कुठली दोरी धरायची हे आदल्या दिवशी सांगून ठेवतात, आणि डोक्याकडची दोरी सगळ्यात जवळच्या माणसाची. इथे तिचं माणूस म्हणजे एकटा मी, तिचा नवरा. बाकीच्या दोऱ्यांना कर्नल पेनरोझनी पलटणीतले अधिकारी उभे केले. त्यांना रीत ठाऊक नव्हती, समजावून सांगावी लागली. धड दोऱ्याही नव्हत्या. बँडवाल्यांनी ढोलांच्या सोडून दिल्या.

सगळं रीतीप्रमाणे झालं. मध्येच कुणीतरी ओरडल्यासारखं वाटलं, पण ते भिंतीपलीकडे असेल.

नंतर इस्पितळात गेलो. दुसऱ्या कंपनीतल्या एकाच्या यकृतातलं गळू फोडलं. पू भरपूर निघाला. जगेल.

बुधवार, ७ फेब्रुवारी

सकाळी ओटची पेज उभ्यानंच खाल्ली. आमच्या घरी बाप्ये पेज उभ्यानंच खात. ग्रिझेल हसायची, म्हणायची, गोठ्यात बांधल्यासारखे दिसता.

दोन्ही तळहातांची साल गेली आहे. तिरपा पट्टा, अंगठ्याच्या मुळापासून करंगळीपर्यंत. घोड्यानं ओढ घेतली असावी. लोणी आणि मेण लावून घेतलं. आरोग्यम, माझा मद्रासी खानसामा, कापड गुंडाळत होता. तो म्हणाला, "साहेब, हे लगामाचं नाही."

"मग कशाचं?"

त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग मान खाली घालून म्हणाला, "लगामाचंच असेल, साहेब. घोडं द्वाड आहे."

घोडा गरीब आहे. पण नोकरांशी वाद घालायची माझी सवय नाही.

रविवार, ११ फेब्रुवारी

चर्चला गेलो नाही. घरीच स्तोत्रं वाचली.

माणसं अवघडून वागतात. क्वार्टरमास्टरची बायको पेरूची जेली घेऊन आली. दारातच "अहो, तुमचे हात" म्हणाली आणि डोळ्यांना रुमाल लावून परत गेली. हातांसाठी रडण्यासारखं काय आहे? मेसमध्ये मी शिरलो की बोलणं थांबतं. शोक झालेल्या माणसाशी काय बोलावं हे लोकांना कळत नाही, त्यांचा दोष नाही. पण मला शोकही झालेला नाही. मला काहीच होत नाही. हे लिहून ठेवतो, कारण वैद्य म्हणून त्याची नोंद घ्यायला हवी. आज दंडाला सुई टोचून पाहिली. दुखलं. म्हणजे शरीर शाबूत आहे.

तिची कपड्यांची पेटी आरोग्यमला बांधून ठेवायला सांगितली आहे.

सोमवार, १२ फेब्रुवारी

आज कोर्ट बसलं. शिपाई सँडी गौडी. बारूदखान्यावर पहारा असताना बंदूक जमिनीवर टाकून जागा सोडून गेला. तारीख सहा, वेळ सकाळची. कुठे गेला, का गेला, विचारलं तर गप्प. तीनशे फटके.

बारूदखाना दफनभूमीच्या भिंतीला लागूनच आहे. त्या दिवशी निम्मे अधिकारी तिथे होते आणि तरी हा प्रकार! शिस्त इतकी सैल पडली आहे की साहेबलोकांच्या डोळ्यांदेखत पहारा सोडायला यांना भीती वाटत नाही. उद्या मला त्याला तपासून दाखला द्यायचा आहे की तो फटके सोसू शकेल किंवा नाही.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

गौडीला तपासलं. तो आमच्याच किनाऱ्यावरचा निघाला, माँट्रोजजवळच्या कोळीवाड्यातला. ग्रिझेलचं माहेर तिथून हाकेच्या अंतरावर. वय पंचविशीचं, खांदे रुंद, मनगटं दोरखंड ओढून ओढून जाड झालेली. छातीला कान लावला. हृदय ठणठणीत.

सदरा चढवताना त्यानं विचारलं, "हात कसं हायत तुमचं, डाक्टर?"

"बरे आहेत."

"मिठाच्या पान्यात घाला. आमी बोटीवर त्येच करतो. आग व्हती लई, पर कातडं लवकर धरतं."

"तू स्वतःची काळजी कर."

"ती बी करतोच की," म्हणाला आणि हसला. हसायला त्याला काय झालं होतं कोण जाणे.

दाखला घेऊन कर्नलकडे गेलो. त्यांनी वाचला. "हृदय नीट ऐकलंत?"

"ऐकलं."

"कधीकधी आतून कमजोर असतं, बाहेरून कळत नाही, असं म्हणतात. पुन्हा एकदा ऐका, इम्री. घाई नाही."

"पुन्हा ऐकून तेच ऐकू येईल, साहेब. घड्याळासारखं चालतंय."

त्यांनी सही केली, तीही लेखणी मोडेल इतकी दाबून. मी आजवर खोटा दाखला दिलेला नाही. बापानं मला दोनच गोष्टी दिल्या, शिक्षण आणि हा कणा. कर्नलला काय हवं होतं ते मला समजलं नाही.

गुरुवार, १५ फेब्रुवारी

पलटण चौकोनात उभी होती. गौडीला तिकाटण्याला, तीन काठ्यांच्या तिवईला, बांधलं. फटके मारायचं काम ढोलवाल्यांचं, पंचवीस झाले की माणूस बदलतो. माझी जागा शेजारीच, हातात घड्याळ. माझं काम एवढंच की माणूस मरणार असं दिसलं तर हात वर करायचा.

मी पूर्वी अशा वेळी दात आवळून उभा राहायचो आणि घरी येऊन ग्रिझेलशी भांडायचो. आज तसं काही झालं नाही. ढोलवाल्यांतला एक पोरगेला रडत होता आणि ढोलमेजर त्याला शिव्या घालत होता. मी मैदानाच्या कडेला बघत होतो. गवत पार वाळून गेलं आहे. एक म्हातारा भिस्ती पखाल खाली ठेवून आमच्याकडे पाठ करून बसला होता.

निम्म्याच्या आसपास गौडीची मान पडली. नाडी धाग्यासारखी लागली. हात वर केला. माझ्यामागे सगळ्या पलटणीनं श्वास सोडलेला ऐकू आला. कर्नलनी नियमाप्रमाणे जाहीर केलं की उरलेले फटके पाठ भरल्यावर. त्यांचा आवाज नीट फुटत नव्हता. घसा बसला असावा; उद्या ज्येष्ठमधाचा काढा पाठवतो.

मंगळवार, २० फेब्रुवारी

गौडी इस्पितळात पालथा पडून आहे. ताप उतरला. पाठ धुऊन जवसाचं तेल आणि चुन्याची निवळी लावतो. मांस लाल, स्वच्छ. वास नाही.

आज रोझारिओला पकडलं. तो माझा मदतनीस. गोव्याकडचा, माझ्या हाताखाली चांगला तयार झालेला. गौडीच्या पाठीवर तो तेलाऐवजी फोड आणणारा लेप लावत होता. त्या लेपानं जखम भरण्याऐवजी चिघळते, हे त्याला शिकवलंय मीच.

"अक्कल गहाण टाकलीस का?"

"जखमेची घाई करू नये, डॉक्टरसाहेब."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणतो." त्यानं नजर वळवली नाही. आजवर त्यानं मला उलट उत्तर दिलेलं नाही. "पाठ भरली की काय होणार, ते साहेबांना माहीत आहे ना?"

"तो कर्नलचा प्रश्न आहे. आपलं काम जखम भरून आणण्याचं."

गौडी उशीत तोंड घालून ऐकत होता. तो म्हणाला, "भांडू नगा रं बाबांनो. पाठ माजी हाय." बाकीच्या खाटांवरचे हसले नाहीत. उद्यापासून पट्टी मीच बदलणार.

शनिवार, ३ मार्च

ऊन वाढलं. इस्पितळात वाळ्याचे पडदे लावले.

गौडीची पाठ अपेक्षेपेक्षा लवकर धरते आहे. कडेनं नवी कातडी आली, गुलाबी. इतकी मोठी जखम इतक्या स्वच्छपणे भरताना मी फार थोड्या वेळा पाहिली आहे. त्याला तसं सांगितलंही.

"अजून किती दिस लागतील?" त्यानं विचारलं.

"असाच निजून राहिलास तर आठवडाभर."

"मी कूस बदलली तर?"

"तर वाढेल. म्हणून सांगतो, हलू नकोस."

"न्हाई हलत," तो म्हणाला. बाहेर बँडचा सराव सुरू झाला तेव्हा त्याच्या पाठीचे स्नायू माझ्या हाताखाली थरथरायला लागले. ढोल थांबेपर्यंत थरथरत होते. मी हात तसाच ठेवला, कारण तेल सांडलं असतं.

शिपाई मला सलाम करतात, पण डोळे दुसरीकडे. काल एका स्कॉटिश कॉर्पोरलनं आमच्या बोलीत, मला ऐकू जाईल असं म्हटलं, "ह्याच्या छातीला कुनी कान लावून बघा रं." मी थांबून विचारलं, काय म्हणालास? तो म्हणाला, "कुठं काय सायेब, ऊन लई हाय म्हनलं."

गुरुवार, ८ मार्च

पाठ भरली. एकही ओली जागा नाही. बोटानं दाबून पाहिलं, कातडी तग धरते. उद्या दाखला देतो.

हे काम कुणाला तरी दाखवावंसं वाटलं. घरी आलो, टोपी काढली, हाक मारायला तोंड उघडलं. मग आरोग्यमला पाणी आणायला सांगितलं.

शुक्रवार, ९ मार्च

नीट लिहायचा प्रयत्न करतो.

सकाळी दाखला घेऊन कर्नलच्या बंगल्यावर गेलो. ते व्हरांड्यात हुक्का ओढत होते. कागद वाचला आणि म्हणाले, "इम्री, तुम्ही दगड आहात का हो?"

मी म्हणालो की मला प्रश्न समजला नाही.

"पहिला दाखला आणलात तेव्हा वाटलं, हा माणूस भानावर नाही. म्हणून पुन्हा ऐका म्हटलं. आणखी काय करायला हवं होतं मी? तुमचा हात धरून लिहून घ्यायचं?"

"काय लिहून?"

"फटके सोसणार नाही, एवढंच. कोर्टानं तीनशे दिले ते याच भरवशावर की डॉक्टर त्याला उभाच करणार नाही. बारूदखान्याचा पहारा आहे तो, मला सोडता येत नाही. तुम्हाला सोडता येत होतं. आणि तुम्ही म्हणालात, घड्याळासारखं चालतंय."

"चालतच होतं. आणि मी त्याला का सोडावं? त्यानं पहारा कशासाठी सोडला हेसुद्धा तो सांगत नाही."

कर्नलनी हुक्क्याची नळी खाली ठेवली. माझ्याकडे असं पाहिलं की मी मागे कुणी आलंय का म्हणून वळून बघितलं.

"त्यानं सांगायची काय गरज? आम्ही सगळे तिथेच होतो," ते म्हणाले. "तुम्हीही होता."

मग त्यांनी सांगितलं. पेटी निम्मी खाली गेली होती. माझ्या हातातली दोरी सुटली. नुसती सुटली नाही, सरसरत गेली आणि मी धरायला गेलोच नाही. पेटी डोक्याच्या बाजूनं कलली. बाकीचे ओरडले, पण प्रत्येकाच्या हातात आपापली दोरी, कुणाला सोडता येईना. आणि भिंतीवरून उडी टाकून एक शिपाई आला, खड्ड्याच्या कडेला पालथा पडला आणि जाणारी दोरी धरली. पेटी सरळ केली, तळाला नेली, उठला, सलाम केला आणि परत गेला. तोपर्यंत गार्डाचा सार्जंट बारूदखान्यापाशी पोचला होता आणि बंदूक जमिनीवर पडलेली होती.

"कोर्टात ते का सांगितलं नाही?"

"कसं सांगायचं? नवऱ्याच्या हातून बायकोची दोरी सुटली, हे कोर्टाच्या कागदावर लिहायचं? तुम्ही हयात असताना? त्यानं तोंड उघडलं नाही, मग आम्हीही नाही उघडलं. आम्हाला वाटलं, तुम्हाला माहीतच आहे आणि तुम्ही तुमच्या परीनं मिटवाल."

मी माझे तळहात पाहिले. पट्टा अजून पुसट दिसतो.

"आता नीट सांगा," कर्नल म्हणाले. "पाठ भरली का?"

"नाही."

"कागदात भरली म्हटलंय."

"कागद चुकीचा आहे. फुप्फुसात दोष आहे. फटके मारले तर मरेल, आणि एरवीही तो पलटणीच्या कामाचा राहिलेला नाही. मायदेशी पाठवावा."

"शपथेवर सांगता?"

"शपथेवर. हवं तर पाठ बघून घ्या."

"मला पाठीतलं काय कळतं?" असं म्हणून त्यांनी माझा दाखला फाडला आणि दुसरा कागद पुढे सरकवला. मी लिहिलं. अक्षर नेहमीसारखं आलं. मी देवाला साक्षी ठेवून धडधडीत खोटं लिहिलं, पहिल्यांदाच, आणि पुन्हा लिहावं लागलं तर पुन्हा लिहीन.

तिथून इस्पितळात गेलो. गौडी खाटेवर उठून बसला होता, ओंजळीत तोंड. मी आल्याचं पाहून उभा राहिला. त्याला वाटलं, न्यायलाच आलेत. रंग उडाला होता, पण म्हणाला, "चला."

"बस. तू घरी चाललास. तुझं फुप्फुस बिघडलंय."

"माजं? कदी?"

"आज सकाळी."

त्याला समजायला थोडा वेळ लागला. मग तो खाटेवर बसला. रोझारिओ औषधाच्या कपाटापाशी उभा होता. तो कपाटाकडे तोंड करून तसाच राहिला.

मी त्याच्या शेजारी बसलो. म्हणालो, "तू मला काही बोलला नाहीस."

"मला वाटलं तुमास्नी ठाव हाय. हातं बगितली की मी. मंग हितं पडल्यावर कळलं, ठाव न्हाई. मंग कसं सांगायचं, डाक्टर? त्ये काय सांगायचं असतंय व्हय?"

"दाखल्यावर सही करताना मी तुझा क्षणभरही विचार केला नाही."

"व्हय. लई राग आला तुमचा," तो म्हणाला. "तिकाटण्यावर तर लईच. मंग गेला."

मी त्याला विचारलं की ती खाली कशी गेली. मला आठवत नाही, म्हणालो. मी तिथे होतो, पण मला काहीच आठवत नाही.

त्यानं जरा विचार केला. ही गोष्ट नीटच सांगायला हवी, असा त्याचा चेहरा होता. "डोस्कं खाली झालं व्हतं, हातभर. लई न्हाई. म्या वडून धरली, मंग सपाट केली. पान्यात व्हडी सोडावी तशी सोडली बगा, दमादमानं. कुटं आपटली न्हाई. तळाला टेकली तवा आवाज बी झाला न्हाई."

"आणि मी?"

"तुमी हुबंच व्हता."

"काय करत होतो?"

त्याला सांगायचं नव्हतं. मी वाट पाहिली.

"हात म्होरं धरून हुबं व्हता," तो म्हणाला. "असं. मुठी आवळून. दोरी कवाच गेलती, पर तुमी हळूहळू हात खाली सोडत व्हता, बाकीच्यांसंगं. तुमास्नी वाटत व्हतं, तुमीच सोडताय तिला."

माझ्या घशातून काहीतरी आलं. आवाज माझा आहे हे मला आधी कळलं नाही. वाटलं, खाटेवरचं कुणीतरी असेल. रोझारिओनं चालता येणाऱ्या सगळ्यांना पडवीकडे नेलं. मी एका साध्या शिपायाच्या खाटेवर बसून, भर दुपारी, डोकं गुडघ्यांत घालून रडलो. मला ग्रिझेल हवी आहे. तिच्यावाचून या मुलखात काय करायचं ते मला कळत नाही. दुसऱ्यांदा रक्त काढायला नको होतं.

गौडीनं माझ्या अंगाला हात लावला नाही. आमच्याकडचा माणूस, लावणार नाहीच. पण तो उठूनही गेला नाही.

"पुन्हा सांग," मी म्हणालो.

"डोस्कं हातभर खाली झालं व्हतं," त्यानं सुरुवात केली, आणि तिला पुन्हा दमादमानं तळापर्यंत नेलं.